लाकडी धक्क्याच्या जागी दगडी वाट : दर भरण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या गोष्टी

बंदर, खाडी, नदी किंवा तलाव यांच्या काठावर फळ्या ठोकून केलेली लाकडी वाट जुनी झाली की बहुधा एकच मागणी पुढे येते, 'हे लाकूड काढा आणि दगडी वाट करा.' नगरपालिका निविदा काढते. पाथरवट, गवंडी, फरशीचे व्यापारी आणि छोटे ठेकेदार यांच्यासाठी काम आकर्षक असते. लांबी-रुंदी मोजायची, फरशीचा दर लावायचा, मजुरी धरायची आणि निविदा भरायची, असा सर्वसाधारण हिशेब असतो. पण या हिशेबाने काम घेणारा माणूस बहुतेक वेळा अर्ध्या वाटेत अडकतो, कारण दगड वर दिसत असला तरी या कामातला नफा-तोटा खाली, पाण्याच्या पातळीजवळ ठरतो. या पाठात प्रथम जगातील तीन ठिकाणचे अनुभव पाहू आणि नंतर आपल्याकडील कामाचा हिशेब टप्प्याटप्प्याने मांडू.

लाकूड कोठे टिकते, कोठे कुजते?

लाकूड पाण्यात कुजते, हा समज अर्धाच खरा आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून जो भाग कधी ओला, कधी कोरडा होतो, तोच आधी जातो, म्हणजे फळ्या, तुळया आणि खांबांचा वरचा भाग. जो खांब चिखलात कायम गाडलेला आहे, त्याला हवा मिळत नाही आणि तो शतकानुशतके टिकू शकतो.

खाऱ्या पाण्यात आणखी एक शत्रू आहे. शिंपल्यांच्या जातीचा, किड्यासारखा लांब दिसणारा एक जीव लाकडात शिरून ते आतून पोखरतो. बाहेरून खांब धड दिसतो, टाकीचा ठोका दिला की पोकळ आवाज येतो. म्हणून जुन्या धक्क्याची पाहणी डोळ्यांनी नव्हे, ठोक्याने करावी.

पहिला अनुभव : व्हेनिस

इटलीतील व्हेनिस शहर खाजणात वसलेले आहे. तेथील मोठ्या कालव्यावर रिआल्टो येथे आधी होड्यांचा तरता पूल होता, नंतर लाकडी पूल झाला. हा लाकडी पूल १४४४ साली नौकांची मिरवणूक पाहायला जमलेल्या गर्दीच्या भाराने कोसळला. १५२४ साली तो पुन्हा पडला. शेवटी १५८८ ते १५९१ या काळात आन्तोनियो दा पोन्ते यांच्या आराखड्यानुसार आजचा दगडी पूल उभा राहिला. त्याची कमान सुमारे २८ मीटर लांबीची असून ती एकाच झेपेत कालवा ओलांडते.

व्यापाऱ्यांनी यातून घ्यावयाच्या दोन गोष्टी आहेत. एक, लाकडी पुलावरही दुकाने होती आणि त्यांच्या भाड्यातून पुलाच्या देखभालीला पैसा मिळत असे. दगडी पूल बांधतानाही दुकानांच्या रांगा ठेवण्यात आल्या. वाट आणि बाजार यांना वेगळे केले नाही. दोन, दगडी पुलाच्या पायाखाली सुमारे १२ हजार लाकडी मेखा ठोकलेल्या आहेत. त्या चिखलात गाडलेल्या असल्याने आजही भार वाहत आहेत. म्हणजे लाकूड काढून दगड आला, असे वरवर म्हणता येते. प्रत्यक्षात जेथे लाकूड कुजते तेथे दगड आला आणि जेथे लाकूड टिकते तेथे लाकूडच राहिले.

याच शहरात काठाच्या कडांना इस्त्रियाचा घट्ट चुनखडक आणि चालण्याच्या जागी ज्वालामुखीचा खरबरीत दगड वापरण्याची प्रथा पडली. कडेला पाणी न पिणारा आणि पायाखाली न घसरणारा, अशी दगडाची वाटणी केली गेली. एकाच दगडाने सर्व कामे करण्याचा हट्ट धरला नाही.

दुसरा अनुभव : हॉलंड

हॉलंडचा बराच भाग समुद्रपातळीपेक्षा खाली आहे. तेथील मातीच्या बांधांना समुद्राच्या बाजूने लाकडी खांबांचा आधार असे. १७३०-३१ च्या सुमारास आढळले की वर सांगितलेल्या जीवाने हे खांब पोखरून टाकले आहेत. देश बुडण्याचीच भीती निर्माण झाली. लाकडाच्या जागी दगड घालण्याचा निर्णय झाला, पण त्या सपाट देशात दगडाच्या खाणीच नव्हत्या. नॉर्वेसारख्या दूरच्या देशांतून जहाजांनी दगड आणावा लागला. देशातील ड्रेन्थे प्रांतात पडलेले मोठे धोंडेही विकले जाऊ लागले. लोक प्राचीन दगडी थडग्यांचे धोंडे उचलू लागले, तेव्हा १७३४ साली प्रांताला त्यांच्या संरक्षणासाठी मनाई हुकूम काढावा लागला. मागणी अचानक वाढली की दगड कोठून येतो याकडे बाजार पाहत नाही, हे त्या काळीही खरे होते.

कारागिराच्या दृष्टीने मोठा धडा वेगळाच आहे. डच लोकांनी उभ्या लाकडी भिंतीच्या जागी तशीच उभी दगडी भिंत बांधली नाही. त्यांनी बांधाचा आकार बदलला. समुद्राकडे उतरता मातीचा चढ केला आणि त्यावर दगड बसवला. लाट उभ्या भिंतीवर आदळते, उतारावर चढून दमते. सामान बदलले की आकारही बदलावा लागतो.

तिसरा अनुभव : न्यूयॉर्क

न्यूयॉर्क शहराच्या कोनी आयलंड भागात समुद्रकाठची प्रसिद्ध लाकडी वाट १९२३ साली खुली झाली. तिची लांबी सुमारे ४ किलोमीटर आहे. तिला उष्ण प्रदेशातील टणक लाकडाच्या फळ्या लागत. जंगलतोडीचा प्रश्न पुढे आल्यावर २००८ पासून शहराने असे लाकूड कमी वापरण्याचे धोरण घेतले आणि काही भागात काँक्रीट व प्लॅस्टिकच्या फळ्या घालण्याचे ठरवले. रहिवाशांनी विरोध केला, ते न्यायालयातही गेले. त्यांचे म्हणणे असे की लाकूड पायाला मऊ लागते आणि त्या जागेची ओळखच लाकडात आहे. २०१८ साली या वाटेला वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

दरम्यान २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ आले. शेजारच्या रॉकअवे किनाऱ्यावर लाकडी वाटेचे मोठे तुकडे उखडून रस्त्यांवर वाहत गेले. जेथे आधीच काँक्रीट घातले होते, तो भाग बराचसा टिकला. नंतर सुमारे साडेपाच मैलांची ती वाट काँक्रीटमध्ये नव्याने बांधण्यात आली आणि २०१७ साली पूर्ण झाली. येथे दगड नव्हे, काँक्रीट होते. पण मुद्दा तोच आहे. जड वाट लाटेला टिकते, हलकी वाट पायाला आवडते. दोन्ही बाजूंना सत्य असते. काम घेणाऱ्याने लोकांचा विरोध म्हणजे अडाणीपणा असे समजू नये.

उतरवलेल्या जुन्या टणक फळ्या तेथे फेकल्या गेल्या नाहीत. त्यांना बाके, मेजे आणि फरसबंदीसाठी गिऱ्हाईक मिळाले. आपल्या निविदेत उतरवलेले लाकूड कोणाचे, हे आधी विचारून घ्यावे. ते ठेकेदाराचे असेल तर त्याची किंमत हिशेबात धरता येते.

आता आपला हिशेब : भार किती वाढतो?

समजा, १०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी वाट आहे. म्हणजे ३०० चौरस मीटर.

लाकडी फळी ४० मिलिमीटर जाड धरली आणि सागासारख्या लाकडाचा घनमीटरला ६५० किलो भार धरला, तर एका चौरस मीटरला २६ किलो होतात. पूर्ण वाटेच्या फळ्या सुमारे पावणेआठ टन.

काळा दगड ७५ मिलिमीटर जाड घेतला, तर घनमीटरला २८०० किलो या हिशेबाने एका चौरस मीटरला २१० किलो होतात. त्याखाली ५० मिलिमीटर मसाला धरला की आणखी १०५ किलो. एकूण ३१५ किलो. पूर्ण वाटेला साडेचौऱ्याण्णव टन.

म्हणजे भार १२ पट झाला. जे खांब आणि तुळया पावणेआठ टन पेलत होत्या, त्यांच्यावर हा भार टाकता येणार नाही. 'खांब चांगले आहेत, वर फक्त फरशी टाका,' असे कोणी म्हणाले तर अभियंत्याच्या लेखी दाखल्याशिवाय ऐकू नये. दगडी वाटेला एकतर जमीन हवी, म्हणजे काठाला भिंत आणि मागे भराव, किंवा काँक्रीटचे नवे खांब व स्लॅब. खरा खर्च येथे असतो.

दगडाची मागणी अशी निघते : ३०० चौरस मीटर गुणिले ०.०७५ म्हणजे साडेबावीस घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. म्हणून सुमारे ८ ब्रास. तूटफूट आणि कडेची कापणी यासाठी १० टक्के वाढवले तर पावणेपंचवीस घनमीटर, सुमारे ६९ टन. दहा टनी गाडीच्या सात खेपा. वाटेच्या टोकापर्यंत गाडी जात नसेल तर डोक्यावरून किंवा हातगाडीने वाहण्याची मजुरी वेगळी धरावी. अनेकांचा नफा या दुसऱ्या वाहतुकीत जातो.

भिंत आणि भराव : काम कोठे बिघडते?

काठची दगडी वाट बहुधा दगड फुटून बिघडत नाही. ती खालची माती निघून गेल्याने खचते. भरती आली की पाणी भिंतीच्या सांध्यांतून भरावात शिरते, ओहोटीला बाहेर पडते आणि जाताना बारीक माती घेऊन जाते. वर्षभराने फरशीखाली पोकळी होते आणि एक दिवस कोणाचा तरी पाय आत जातो. म्हणून चार गोष्टी सोडू नयेत.

१. भिंतीच्या मागे लागूनच माती टाकू नये. आधी मोठा दगड, मग खडी, मग गाळणी कापड आणि त्यानंतर मुरूम असा क्रम ठेवावा. पाणी गेले पाहिजे, माती थांबली पाहिजे.

२. भिंतीत पाणी निघण्यासाठी दीड-दोन मीटरवर भोके ठेवावीत. भोके बुजवून भिंत 'स्वच्छ' केली की मागे पाण्याचा दाब साठतो आणि भिंत पुढे ढकलली जाते.

३. भिंतीच्या पायाशी पाणी माती उकरते. तेथे मोठे धोंडे टाकून पायथा सांभाळावा.

४. भराव थरांनी दाबावा. एकदम ट्रक रिकामा करून वर फरशी बसवू नये.

निव्वळ भाराने उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीचा तळ ढोबळ मानाने उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक रुंद लागतो. म्हणजे २ मीटर उंच भिंतीला तळाशी १ ते सव्वा मीटर. नेमका आकार अभियंत्याने जमीन तपासून ठरवायचा आहे. पण दर भरताना एवढे तरी धरले नाही, तर निविदा कागदावरच तोट्यात जाते.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक

समुद्रकाठी मजुरांचा दिवस घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवते. दिवसातून दोन वेळा भरती, दोन वेळा ओहोटी, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती सर्वांत वर चढते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत खाली जाते, हे विसरले जाते. म्हणून भिंतीच्या पायाचे काम उधाणाच्या ओहोटीत करावे आणि वरच्या थराचे काम अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत. मुंबईत पावसाळ्यातील मोठ्या भरत्या साडेचार मीटरच्या वर जातात. अशा काठावर पायाच्या कामाला दिवसाचे तीन-चार तासच मिळतात, पण मजुरी पूर्ण दिवसाची द्यावी लागते. हा फरक दरात दिसला पाहिजे.

कोणता दगड?

सोपी परीक्षा घरच्या घरी करता येते. दगडाचा तुकडा पूर्ण वाळवून तोलावा, २४ तास पाण्यात ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. १० किलोचा तुकडा १०० ग्रॅमने वाढला तर तो १ टक्का पाणी पितो. घट्ट काळा दगड व ग्रॅनाइट या कसोटीला उतरतात. पाणी पिणारा दगड खाऱ्या पाण्याजवळ लवकर झिजतो. दगडात शिरलेले मीठ पाणी वाळल्यावर आत खडे धरते आणि पापुद्रे उडवते.

कोकणातील जांभ्याचा चिरा भिंतीला सोयीचा आणि स्वस्त असतो. पण त्याला छिद्रे असतात, म्हणून लाटेच्या तोंडाला काळा दगड आणि मागे जांभा, अशी वाटणी करावी. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडक आहेत. घराच्या ओसरीत ते उत्तम, पण गुळगुळीत झालेली फरशी ओल्या काठावर धोक्याची असते. पॉलिश केलेला कोणताही दगड काठावर वापरू नये. टाकीचे काम केलेला किंवा आगीने खरबरीत केलेला पृष्ठभाग घ्यावा. वाटेला पाण्याकडे ५० ला १ असा उतार द्यावा. ३ मीटर रुंदीला ६ सेंटिमीटर पुरतात.

मसाल्याला खारे पाणी आणि न धुतलेली समुद्राची वाळू वापरू नये. सळईच्या काँक्रीटला तर ते विषच आहे. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० च्या आवृत्तीत भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील सळईच्या काँक्रीटला किमान एम ४० दर्जा आणि सळईवर ७५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. साध्या घराच्या स्लॅबचा दर येथे लावला तर फसगत निश्चित आहे.

परवानगी कोणाची जबाबदारी?

समुद्र आणि खाडीकाठ किनारा नियमन क्षेत्रात येतो. याची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची आणि पुढे २०१९ ची आली. कांदळवन असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आहे. दगडी भराव पाण्याचा प्रवाह अडवतो, खांबांवरची लाकडी वाट अडवत नाही. म्हणून कांदळवनात, मऊ चिखलात किंवा पाणी खेळते ठेवावयाच्या जागी लाकूडच योग्य ठरू शकते. परवानग्या कार्यालयाने घ्यायच्या की ठेकेदाराने, हे निविदेत स्पष्ट नसेल तर लेखी विचारावे. काम थांबले की भाड्याचे यंत्र थांबत नाही.

सुतार, टपरीवाले आणि पाथरवट

लाकडी वाट गेली म्हणजे सुतार बेकार झाला, असे होत नाही. काम चालू असताना ये-जा करण्यासाठी तात्पुरती वाट, काँक्रीटचे साचे, कमानीचे ढोले, होड्या लागतात तेथील लाकडी आडणे ही कामे सुताराचीच आहेत. गवंडी आणि सुतार यांनी मिळून निविदा भरली तर दोघांचाही दर सुधारतो.

धक्क्यावर मासळी, शहाळी, चहा किंवा खेळणी विकणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. सहा महिन्यांचे काम वर्षभर लांबले तर दगडी वाट तयार होईपर्यंत त्यांचे गिऱ्हाईक तुटलेले असते. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार विक्री प्रमाणपत्र असलेल्यास जागेवरून हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस देणे आवश्यक आहे. प्रमाणपत्र नसलेल्यांनी ते आधी मिळवावे, यंत्र आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. ठेकेदारानेही काम एका टोकापासून तुकड्यातुकड्याने केले, तर निम्मा बाजार चालू राहतो आणि तक्रारी कमी होतात.

दगड कापणाऱ्यांच्या छातीचा विचारही दरात असावा. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मातील सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थानात या रोगाने इतके खाणकामगार ग्रासले की २०१९ साली राज्याला त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. कापताना पाण्याची धार सोडणे आणि योग्य मुखपट्टी देणे, हा खर्च किरकोळ आहे. तो वाचवून मिळालेला नफा कारागिराच्या आयुष्यातून कापलेला असतो.

दर भरताना

शेवटी निविदेसंबंधी काही नियम.

१. पाण्याखालचे काम ठोक रकमेत घेऊ नये. पाया किती खोल जाईल हे खणल्यावरच कळते. प्रत्येक बाबीचा वेगळा दर आणि प्रत्यक्ष मापाप्रमाणे देयक, अशी पद्धत मागावी.

२. भराव घालून झाकला जाणारा प्रत्येक थर झाकण्यापूर्वी मोजून मापवहीत नोंदवून घ्यावा. झाकलेल्या कामाचे माप नंतर कोणी देत नाही.

३. दोष दायित्वाचा काळ किती आणि अनामत किती महिने अडकणार, ते पाहावे. एका पावसाळ्याची दुरुस्ती दरात धरावी.

४. दगड घडवून देणारा कारखाना उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने कमाल ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. नोंदणी नसेल तर हा आधार मिळत नाही. नोंदणीला शुल्क नाही.

५. आपला दर सर्वांत कमी आला तर आनंद मानण्यापूर्वी पुन्हा बेरीज करावी. इतरांनी जे धरले आणि आपण सोडले, ते बहुधा पाण्याखाली असते.

काठावरच्या वाटेवर म्हातारी माणसे, मुले आणि ओझे घेतलेले हमाल चालतात. तेथे खचलेली एक फरशी हा केवळ देयकातला वाद नसतो. म्हणून आधी ओहोटीच्या वेळी जाऊन तळ पाहावा, खांबांना ठोके देऊन पाहावे, दगड तोलून पाहावा आणि मगच निविदेवर सही करावी. या पाहणीला एक दिवस लागतो. तो न दिल्यास पुढचे वर्ष द्यावे लागते.